विमानातल्या पंख्याची जमिनीवरची नोकरी

मी विमानातला पंखा बोलतोय. विमानातला, हे आधी नीट ऐकून घ्या. छताला लटकून करकर करणारा तो माझा कोणी लागत नाही. मी दिसायला एखाद्या पातेल्याएवढा, पण फिरायला लागलो की माझी पाती दिसतच नाहीत, नुसता एक सूर ऐकू येतो. मी बढाई मारतोय असं वाटतंय का? मारतोयच. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे त्याने उगाच लाजत बसू नये.

विमानाच्या पोटात, वैमानिकाच्या पायाखाली, यंत्रांच्या पेट्यांनी भरलेली एक अंधारी खोली असते. विमान किती उंच आहे, कुठे वळायचं आहे, सगळं त्या पेट्यांना ठाऊक. पण त्यांना एक खोड आहे, त्या तापतात. आणि तापल्या की त्यांचं डोकं चालेनासं होतं. अगदी माणसांसारखं. त्यांच्यावरून सतत वारा खेळवत ठेवायचा, हे माझं काम. वैमानिक टोपी घालून ऐटीत चालतो, प्रवासी उतरताना त्याचे आभार मानतात. माझे कुणी मानले नाहीत. मानायला मी आहे हे माहीत तरी हवं ना!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. तिथे तोल बघणारी एक बाई होती. ती मला फिरवायची, मान वाकडी करून ऐकायची, मग एका पात्यावरून केसभर धातू खरवडायची आणि पुन्हा फिरवायची. कितीदा तरी असं झालं. शेवटी एकदा मी असा फिरलो की तिने माझ्यावर ठेवलेलं नाणं हललंसुद्धा नाही. "आता शहाणा झालास," ती म्हणाली. माझ्या अंगावर एक नंबर कोरला. नाव नाही, नंबर. पण तो नंबर जगात दुसऱ्या कुणाचा नाही, हे तुमच्यापैकी किती जणांना स्वतःच्या नावाबद्दल म्हणता येईल?

विमानात माझा खरा माणूस वैमानिक नव्हता, मेकॅनिक होता. सगळे त्यांना थेंबेकाका म्हणायचे. हे काही त्यांचं आडनाव नव्हे, त्यांच्या एका सवयीवरून पडलेलं नाव.

विमानाच्या इंधनात पाणी शिरलं तर वर गेल्यावर इंजिन बंद पडू शकतं. म्हणून रोज सकाळी, पहिल्या उड्डाणाआधी, प्रत्येक टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या बाटलीत काढायचं आणि उजेडात धरून पाणी आहे का ते बघायचं. बाकीचे मेकॅनिक बाटलीकडे एक नजर टाकायचे की झालं. काका मात्र बाटली सूर्याकडे धरायचे, एक डोळा मिटायचे, बाटली हळूच तिरकी करायचे, पुन्हा सरळ करायचे. नवे लोक कंटाळून चुळबुळ करायला लागले की दटावायचे, "थेंब खाली दिसला तर थेंब असतो. वर गेल्यावर तोच काळ होतो."

आणि बघून झालं की मनगटाला एक झटका देऊन बाटली कुंपणाकडच्या गवतावर रिकामी करायचे. झप्प! सगळेच करायचे. काढलेलं इंधन परत टाकीत ओतायचं नाही, असा नियम होता. मग त्याचं करायचं काय? समोर गवत होतं. माझ्या खोलीचं झाकण उघडं असलं की मला ते दिसायचं. सकाळच्या उन्हात ती धार छान चमकायची. खरं सांगतो, मला तो काकांचा रुबाबच वाटायचा.

मग माझी पाळी. काका स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून माझा सूर ऐकायचे. "बरा आहेस," म्हणायचे. मी बराच असायचो. माझ्या जोडीला दुसरा एक पंखा होता, तो एकदा अर्ध्या वाटेत बसला. उरलेला सगळा प्रवास मी एकट्याने निभावला. वर माणसं जेवली, घोरली, खिडकीतून ढगांचे फोटो काढत बसली. उतरल्यावर काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

पण आमच्यात म्हातारपण अंगावर दिसत नाही, वरून हुकूम येतो. ठरलेले तास भरले की उतरायचं, मग तुम्ही ठणठणीत का असेना. काकांनी स्वतः मला उतरवलं आणि माझ्या गळ्यात लाल चिठ्ठी बांधली. लाल चिठ्ठी म्हणजे उडायला नालायक. बांधताना पुटपुटले, "तुझं काही चुकलं नाही रे. माझंही हेच चाललंय." त्याच महिन्यात तेही निवृत्त होणार होते.

निरोपाच्या दिवशी त्यांच्या सोबत्यांनी मला घासूनपुसून लख्ख केलं, पॉलिश केलेल्या लाकडी बैठकीवर बसवलं आणि काकांच्या हातात दिलं. काका भाषण करायला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मला मात्र त्यांनी घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घरी मी शोकेसमध्ये गेलो. एका बाजूला कपबश्या, दुसऱ्या बाजूला काकांच्या लेकीचा शाळेतला चषक. सुरुवातीला पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे. मग पाहुणेही तेच तेच ऐकून कंटाळले. माझ्यावर धूळ बसली. घरच्या बाईंनी, म्हणजे लेकीच्या आईने, माझ्या पात्यांत किल्ल्या अडकवायला सुरुवात केली. मग सेफ्टी पिना आल्या, मग रबर. आकाश पाहिलेला मी, आणि माझ्या अंगावर कपाटाची किल्ली! पण बोलणार कुणाला? ठेविले अनंते तैसेचि राहावे.

त्यांचं घर विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या रांगेत होतं. घर आणि कुंपण यांच्यामध्ये प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मोकळी जमीन होती. काकांनी तिथे वाफे केले आणि टोमॅटो लावले. तिथेही तीच शिस्त. प्रत्येक पान उलटं करून बघायचे. टोमॅटो इतके यायचे की रांगेतल्या सगळ्या घरांत टोपल्या जायच्या. शोकेससमोरच्या खिडकीतून मला ते वाफ्यात वाकलेले दिसायचे. निवृत्त माणूस इतका खूश मी दुसरा पाहिला नाही.

आता लेकीबद्दल सांगतो. ती इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करायची. विमानांवर करते, असं लोकांना सांगायला काकांना फार आवडलं असतं. पण ती करायची सांडपाण्याच्या गाळावर. शहराचं घाण पाणी स्वच्छ केल्यावर तळाशी जो काळा गाळ उरतो, तो नीट कुजवला आणि त्यात वाईट धातू नाहीत हे तपासून घेतलं, तर मातीला त्याचा उपयोग होतो, असं तिचं म्हणणं. आई म्हणायची, "बाप आकाशात, लेक गटारात. मधे मी जमिनीवर, भांडी घासत."

एकदा लेकीला प्रयोगासाठी थोडी निर्मळ माती हवी होती. गाळ मिसळलेली माती आणि न मिसळलेली चांगली माती शेजारी ठेवून फरक बघायचा होता. "बाबांच्या वाफ्याहून चांगली माती कुठे मिळणार?" ती म्हणाली. काकांची कॉलर ताठ झाली. त्यांनी स्वतः माती चाळून डबा भरून दिला.

काही दिवसांनी ती आली. चहा तसाच ठेवून म्हणाली, "बाबा, ती माती चांगली नाहीये."

"माझी माती?"

"तिच्यात विमानाचं इंधन आहे."

काका मोठ्याने हसले. "तुझं मशीन बिघडलंय."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तीनदा केलं, बाबा. मग परवानगी काढून कुंपणापर्यंत जागोजागी खणून बघितलं. कुंपणापाशी सगळ्यात जास्त आहे, वाफ्याकडे येता येता कमी होत जातं. तिथे ना टाकी, ना पाइप. थोडं थोडं, वर्षानुवर्षं कुठून तरी पडत राहिलंय. पण कुठून तेच कळत नाही."

मला कळलं होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी पडलो बंद पंखा, अंगावर किल्ल्या घेऊन बसलेला.

काकांचा उजवा हात टेबलावर होता. त्यांचं मनगट आपोआप किंचित वळलं. त्यांचं त्यांनाच ते दिसलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाटली," ते म्हणाले.

"कसली बाटली?" आईने विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. रोजची बाटली, प्रत्येक टाकीची, प्रत्येक विमानाची, त्यांची आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांची. सांगून झाल्यावर काका म्हणाले, "पाण्याचा एक थेंब माझ्या नजरेतून सुटला नाही ग. आणि एवढं इंधन हातातून गेलं, त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला त्यांची फार दया आली. ते काही बेफिकीर नव्हते. सगळ्यांत जास्त काळजी घेणारे तेच होते, आणि म्हणूनच त्यांची बाटली सगळ्यांत जास्त भरलेली असायची.

त्याच संध्याकाळी त्यांनी टोमॅटोची सगळी रोपं उपटून पोत्यात भरली. लेकीने टोमॅटो तपासले होते, त्यांत फारसं काही सापडलं नव्हतं. तरी काका रांगेतल्या घरोघर जायला निघाले. आई म्हणाली, "कशाला जाताय? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," काका म्हणाले. "माझ्या हातचं खाल्लंय त्यांनी. त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं."

मग विमानतळाचे साहेब घरी आले. हे साहेब तरुणपणी काकांच्याच हाताखाली शिकलेले. सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. इंधनाचा टँकर गळला होता असं आम्ही सांगू. ठेकेदार येईल, माती खरवडून लांब कुठेतरी नेऊन टाकेल आणि कुंपणापासून तुमच्या दारापर्यंत काँक्रीट ओतेल. विषय संपला."

"लांब म्हणजे कुठे?" लेकीने विचारलं. "आणि तिथे कुणाचे टोमॅटो असतील?"

साहेब काही बोलणार, तेवढ्यात काका म्हणाले, "टँकर गळला नाही. मी टाकलंय."

साहेब सोफ्यावरून उठून काकांजवळ आले. मग हळूच म्हणाले, "मीही टाकलंय, काका. तुम्हीच शिकवलंत."

"मी थेंब बघायला शिकवलं होतं."

"हो. पण नंतरचा झटकाही तुमचाच उचलला ना आम्ही."

तेव्हा लेकीने आपलं म्हणणं मांडलं. मातीत असे बारीक जीव असतात की ज्यांना इंधन खाऊन पचवता येतं. पण नुसत्या इंधनावर त्यांचं भागत नाही. बिघडलेल्या मातीत कुजवलेला गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून ढीग करायचा. गाळ ही त्या जीवांची शिदोरी. ढिगात भोकं पाडलेले पाइप घालायचे आणि त्यांतून सतत हवा सोडायची. कुंपणाजवळच्या सगळ्यात वाईट मातीचा एक ढीग स्वच्छ करून दाखवला, तर सगळी पट्टी तशीच स्वच्छ करता येईल. माती कुठेही न्यायला नको आणि काँक्रीटही नको.

"गाळ? लोकांच्या दारात?" साहेबांनी नाक मुरडलं. पण काकांकडे बघून म्हणाले, "ठीक आहे. हिवाळा सरला की ठेकेदार येतो. तोवर तुमचा ढीग तपासणीत पास झाला तर जमीन तुमची. नाही तर काँक्रीट, आणि मग मला कुणी विनवायला यायचं नाही."

म्हणजे सगळं त्या एका ढिगावर आलं. काकांचा वाफाही आणि सगळ्या रांगेची जमीनही.

ढीग रचला गेला. खिडकीतून मला दिसत होता, एखाद्या खोलीएवढा, वर ताडपत्री. लेकीने प्रयोगशाळेतला ब्लोअर आणून त्याला हवा सुरू केली. तो ब्लोअर पहिल्या दिवसापासून खोकत होता. मला वाटलंच होतं की हा टिकणार नाही. नाहीच टिकला. एका सकाळी धूर सोडून गार झाला.

हवा बंद झाल्यावर ते जीव गुदमरायला लागले आणि ढीग नासायला लागला. वास असा सुटला की विचारू नका. सगळी रांग नाकाला रुमाल लावून फिरू लागली. शेजारचे आजोबा कुंपणावरून ओरडले, "अहो काका, यापेक्षा तुमचे टोमॅटो परवडले!" कॉलेजात नवा ब्लोअर मागवला, तर तो यायला हिवाळा निघून जाणार होता. एकाने सही करायची, मग दुसऱ्याने, मग पहिला रजेवर. लेक आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसली आणि रडायला लागली. "चार दिवसांत ढीग मरेल, आई. मग सगळं काँक्रीटखाली."

काका उठले. येरझाऱ्या घालता घालता शोकेससमोर थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

नाही, काका. मी मनात ओरडलो. हे नाही करायचं. मी विमानातला! ढगांच्या वर राहिलेला! आणि आता मैल्याच्या ढिगाला वारा घालू? हाच दिवस बघायचा राहिला होता?

काकांनी शोकेसचं दार उघडलं.

"थांबा," आई म्हणाली. "माझ्या किल्ल्या काढू द्या."

काकांनी मला लाकडी बैठकीवरून सोडवलं. आणि मग त्यांच्याकडून अशी चूक झाली की जी विमानातल्या माणसाने कधीच करू नये. आमची वीज निराळी असते. तुमच्या भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, मला चारशे लागतात. ही गोष्ट काकांनी नव्या लोकांना आयुष्यभर ओरडून सांगितली होती. पण लेकीचे डोळे पुसायच्या घाईत त्यांनी दोन वायरी जोडल्या आणि मला सरळ भिंतीत खुपसलं. हात दाखवून अवलक्षण! मी फिरलो नाही, नुसता घुमलो, अंग तापलं, जळका वास आला.

"चारशे!" काका किंचाळले आणि त्यांनी वायर उपटली. "अरे देवा, चारशे! मी काय केलं हे!"

"एवढे नखरे तर माझ्या सासूचेसुद्धा नव्हते," आई म्हणाली. लेकीला रडता रडता हसू फुटलं.

बरं, चारशेवाली वीज आणायची कुठून? लेकीच्याच कॉलेजात विमानांच्या यंत्रणांवर संशोधन करणारे एक सर होते. त्यांच्याकडे ती वीज तयार करणारा कन्व्हर्टर होता. सरांनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि त्यांचे डोळे चमकले. "मी कन्व्हर्टर देतो. पण एका अटीवर. लाल चिठ्ठी लागली की असे पंखे भंगारात जातात. त्यानंतर ते किती चालले असते, हे आम्हाला कधी कळतच नाही. मी याच्या बेअरिंगला एक सेन्सर लावणार. हा दमत दमत कसा दमतो, ते मला ऐकायचं आहे."

ऐकलंत? एका संशोधनासाठी मला हवा द्यायची होती आणि दुसरं संशोधन खुद्द माझ्यावर! शोकेसमध्ये कपबश्यांशेजारी बसून हा मान मिळाला नसता. माझा राग निम्मा तिथेच उतरला.

ढिगाशेजारी पत्र्याची एक छोटी शेड उभारली आणि मला पाइपाच्या तोंडाशी बसवलं. काकांनी बटण दाबलं. मी एकदा अडखळलो आणि मग सुरात आलो. किती वर्षांनी! माझी पाती पुन्हा दिसेनाशी झाली. वास भयंकर होता, पण फिरण्यापुढे वासाची काय कथा!

तिथे मला एक नवीन गोष्ट शिकायला मिळाली. आयुष्यभर मी वारा घालून थंड करत आलो. इथे मी वारा घातला आणि ढीग तापायला लागला. आधी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. पण काका लांब थर्मामीटर ढिगात खुपसून आनंदाने ओरडले, "चढतोय, चढतोय!" लेक धावत आली. तिने सांगितलं की हवा मिळाली म्हणून ते जीव कामाला लागलेत, आणि कष्ट करणारा गरम होणारच. यंत्रांच्या पेट्यांनी कधी माझ्या वाऱ्याने अशी उसळी घेतली नव्हती. त्यांना मी नुसतं सांभाळलं होतं. इथे माझ्या वाऱ्यावर कुणीतरी जगत होतं.

हळूहळू नासका वास गेला आणि पालापाचोळा कुजल्यावर येतो तसा वास यायला लागला. शेजारचे आजोबा कुंपणावरून हुंगून म्हणाले, "हं, आता माणसात आलात." काका रोज सकाळी यायचे, थर्मामीटर बघायचे, मग स्क्रूड्रायव्हर माझ्या अंगाला लावून कान देऊन ऐकायचे. सर सेन्सरवर ऐकायचे. दोघांची छान गट्टी जमली. चहाचा थर्मास आणि गप्पा, विषय एकच, मी.

हिवाळा सरत आला तेव्हा माझ्या सुरात किंचित शिट्टी मिसळली. काकांनी कानाला लावलेली मूठ काढून सरांकडे बघितलं, सर त्यांच्या पडद्याकडे बघत होते. दोघं एकदमच म्हणाले, "बेअरिंग."

"असाच चालवला तर जळेल," सर म्हणाले. "थांबवून ग्रीस भरावं लागेल. पण या वयात थांबवला की पुन्हा सुरू होईलच असं नाही."

तपासणी तोंडावर आली होती. काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "जळण्यापेक्षा थांबलेला बरा. आण ग्रीस."

मला खोललं. काका आणि सर जमिनीवर फतकल मारून बसले. एक पुसायचा, दुसरा भरायचा. त्या वेळात ढीग निवत होता आणि लेक थर्मामीटरपाशी उभी होती. पुन्हा जोडल्यावर काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "एवढं एकदा," ते म्हणाले. "विमानासाठी नाही रे. माझ्यासाठी."

काका, तुम्ही म्हणायचा अवकाश! बटण दाबलं आणि मी असा उठलो की सरांचा चहा सांडला. कारखान्यातली ती तोल बघणारी बाई तिथे असती तर तिने पुन्हा नाणं ठेवून बघितलं असतं, आणि ते हललं नसतं. हे मी नुसतं म्हणत नाही, पैजेवर सांगतो.

तपासणीच्या दिवशी साहेब स्वतः आले. त्यांच्यासमोर ढिगाच्या वरून, मधून, तळातून माती काढली, आणि साहेबांनी ती मुद्दाम दुसऱ्याच प्रयोगशाळेत पाठवली. निकाल आला तोही साहेबच घेऊन आले. शेडच्या दारातूनच म्हणाले, "पास. ठेकेदाराला नको सांगितलंय." लेकीने आईला मिठी मारली. आई म्हणाली, "अगं, हात धुतलेस का आधी?" आणि तिने लेकीला अजून घट्ट धरलं.

काकांच्या एका वाफ्यातली जुनी माती काढून पुढच्या ढिगासाठी ठेवली आणि तिथे या ढिगातली स्वच्छ माती भरली. काकांनी टोमॅटोचं एक रोप लावलं. पहिलं पीक खायचं नाही, तपासायला न्यायचं, असं लेकीने बजावलं होतं. "आमच्याकडे पहिला टोमॅटो माणसांना नाही, मशीनला," असं आई आल्यागेल्याला सांगत होती.

मग काका घरात गेले आणि ती काचेची बाटली घेऊन आले. त्यांची जुनी बाटली. ढिगाच्या तळाशी पाणी निथळायला एक नळी होती, तिथे त्यांनी बाटली धरली.

"बाबा, पाणीही तपासलंय. स्वच्छ आहे," लेक म्हणाली.

"तू तपासलंस ग. मलाही एकदा बघू दे."

बाटली सूर्याकडे धरली. एक डोळा मिटला. हळूच तिरकी केली, पुन्हा सरळ केली. सगळी माणसं भोवती जमली, साहेबसुद्धा. "जन्मभर इंधनात पाणी शोधलं," काका म्हणाले. "आज पाण्यात इंधन शोधतोय." पुन्हा एकदा बघितलं. "नाही. एक थेंब नाही."

आणि बाटली खाली घेता घेता त्यांचं मनगट वळलं. तोच झटका, इतक्या वर्षांचा. मी बघितलं, साहेबांनी बघितलं. हात कुंपणाकडे निघालाच होता. तो मधेच थांबला. काकांनी दुसऱ्या हाताने तो धरला. मग ते चालत वाफ्यापर्यंत गेले, गुडघ्यावर बसले आणि ते पाणी अगदी हळू, न सांडता, रोपाच्या मुळाशी ओतलं. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

आता नवा ब्लोअर आला आहे, चकचकीत. उरलेल्या पट्टीचे आणखी ढीग घातले आहेत. तो एक सांभाळतो, मी एक. मला परत शोकेसमध्ये ठेवायचं का, असं लेकीने विचारलं होतं. काका म्हणाले, "चालणाऱ्याला बसवायचं नसतं." माझ्या लाकडी बैठकीवर आता आईच्या किल्ल्या असतात. शोभतात तिथे. लाल चिठ्ठी अजून माझ्या गळ्यात आहे, कुणी काढली नाही. उडायला नालायक, असं तिच्यावर लिहिलंय, आणि ते खरंच आहे. मी आता कुठे उडतोय? सर म्हणतात, माझा सूर थोडा उतरलाय. उतरू दे. एखाद्या दिवशी मी थांबेन, तेव्हा वारा घालता घालता थांबेन, किल्ल्या सांभाळता सांभाळता नाही.

जाता जाता एक विनंती करतो. तुम्हीही आपापल्या कामात कसला तरी थेंब अगदी डोळ्यांत तेल घालून बघत असाल. बघाच, त्यावर माणसांचे जीव असतात. पण बघून झाल्यावर तुमची बाटली कुठे रिकामी होते, तिकडेही एकदा मान वळवून बघा.

चला, आवरतं घेतो. काका आले. हातात स्क्रूड्रायव्हर दिसतोय. ते कान लावतील तेव्हा मला सुरात असायला हवं.